बेब जिंकली, पण तिचा रिपोर्ट कुणाजवळ होता?

आपल्या अंकात गोल्फवर लेख? काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हिरवळीला पाणी पाजून खेळायचा हा श्रीमंतांचा खेळ. हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बायांच्या बाजूनं बोलणाऱ्या आपण. आपला त्याच्याशी संबंध काय? मलाही गोल्फमधलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

संबंध आला तो असा. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तिला बघायला आलेल्या एका नातेवाईकानं ‘जिद्दीच्या कहाण्या’ छापाचं एक कात्रण आणून दिलं. त्यात बेब झहारियस या अमेरिकन खेळाडूची गोष्ट होती. कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता खेळ संपला; पण बाईनं हार मानली नाही आणि पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तात्पर्य काय, तर मनात आणलं की काहीच अशक्य नाही. मैत्रिणीनं ते वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि म्हणाली, “हिनं मनात आणलं, ते खरं. पण माझा रिपोर्ट अजून मला कुणी दाखवलेला नाही, त्याचं काय? ह्यांनाच केबिनमध्ये बोलावून सांगतात.”

त्या कात्रणात काय राहून गेलंय ते पाहावं म्हणून मी बेबबद्दल वाचायला घेतलं. आणि मैत्रिणीचा प्रश्न मला जसाच्या तसा बेबच्या आयुष्यात सापडला.

३ जुलै १९५४

आधी त्या विजयाबद्दल, कारण विजय खरोखरच मोठा होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पीबडी गावी, सेलम कंट्री क्लबच्या मैदानावर अमेरिकेच्या महिला ओपन स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. ज्यांना गोल्फ अनोळखी आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते: काठीनं चेंडू मारत मारत एकामागून एक अठरा होलमध्ये घालायचा, आणि ज्याला सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकला. त्या काळी या स्पर्धेत शेवटच्या दिवशी एक नव्हे, दोन फेऱ्या खेळाव्या लागत. म्हणजे एका दिवसात ३६ होल, आणि दहा-अकरा किलोमीटरांहून जास्त चाल.

बेब तेव्हा ४३ वर्षांची होती. पंधरा महिन्यांपूर्वी, एप्रिल १९५३ मध्ये, तिच्या मोठ्या आतड्याचा रोगट भाग काढून टाकला होता आणि शौचासाठी पोटावर वेगळी वाट केली होती. डॉक्टरी भाषेत याला कोलोस्टोमी म्हणतात. हे शरीर घेऊन ती मैदानात उतरली होती. तिच्या जोडीला खेळत होती १९ वर्षांची मिकी राइट, जी पुढे स्वतः थोर खेळाडू झाली. चार फेऱ्यांत मिळून बेबला २९१ फटके लागले. दुसऱ्या आलेल्या बेटी हिक्सला ३०३. जिथे एका-दोन फटक्यांनी निकाल लागतात, तिथे बारा फटक्यांचं अंतर!

जिंकल्यावर ती जे बोलली ते मला विजयाइतकंच महत्त्वाचं वाटतं. असं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा नेहमीसारखं जगता येतं हे मला दाखवून द्यायचं होतं, अशा आशयाचं ती बोलली. तिला अशा रुग्णांची हजारो पत्रं आली होती, त्यांना हे तिचं उत्तर होतं. तो काळ लक्षात घ्या. कॅन्सर हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारत. त्यातून आतड्याचा, आणि तोही बाईला! अशा वेळी एका प्रसिद्ध बाईनं आपल्या पोटावरच्या शौचाच्या वाटेबद्दल जाहीरपणे बोलावं, ही साधी गोष्ट नव्हे. पाळी, पांढरं जाणं, अंग बाहेर येणं यांबद्दल शिबिरात पहिल्यांदा बोलताना बायांची जी अवस्था होते ती आपण पाहिलेली आहे. म्हणून बेबच्या त्या बोलण्याची किंमत आपल्याला जास्त कळेल.

आधी ती बाई आहे का ते सांगा

तिचं मूळ नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. नॉर्वेहून टेक्सासला आलेलं कष्टकरी कुटुंब. बाप सुतारकाम करणारा, आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावणारी. डॅलसमधल्या एका विमा कंपनीनं तिला महिना ७५ डॉलरवर टायपिस्ट म्हणून घेतलं, खरं तर कंपनीच्या बास्केटबॉल संघात खेळण्यासाठी. १९३२ साली राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत कंपनीतर्फे ती एकटीच ‘संघ’ म्हणून उतरली आणि ३० गुण मिळवून पहिली आली. दुसऱ्या आलेल्या संघात २२ मुली होत्या आणि त्यांचे गुण होते २२. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये तिनं भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदकं आणि उंच उडीत रौप्यपदक मिळवलं. तीनच प्रकार का? तर तिथे बाईला तीनपेक्षा जास्त प्रकारांत भाग घ्यायची परवानगीच नव्हती.

अशा मुलीचं वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पण त्याला जोडूनच तिचे दंड, तिचा जबडा, तिचे कापलेले केस यांची चर्चा केली. ही नक्की बाईच ना, असं आडून आडून विचारलं गेलं. एका क्रीडालेखकानं तर लिहिलं की असल्या बायांनी घरी बसावं, नटावं-थटावं आणि फोन वाजायची वाट पाहावी, ते जास्त बरं.

पुढे बेब गोल्फकडे वळली. १९३५ मध्ये टेक्सासची हौशी स्पर्धा जिंकल्याबरोबर, ही खेळावर पैसे कमावते म्हणून हौशी नव्हे, असं ठरवून तिला बाहेर काढण्यात आलं. तो हक्क परत मिळायला १९४३ साल उजाडलं. मधल्या काळात, १९३८ मध्ये, तिनं जॉर्ज झहारियस या पहिलवानाशी लग्न केलं. मग केस वाढले, झगे आले, लिपस्टिक आली, आणि मुलाखतींतून स्वयंपाकाच्या व पडद्यांच्या गप्पा आल्या. पत्रकारांचा जीव भांड्यात पडला. बेब ‘सुधारली’!

यासाठी तिला दोष द्यावासा मला वाटत नाही. ज्या मैदानात शिरायचं त्या मैदानाच्या मालकांना जशी बाई चालते तशी ती दिसली, एवढंच. आपणही नोकरीच्या मुलाखतीला जाताना, कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायला जाताना हे करतोच. पण खेळणाऱ्या बाईनं आधी बाईपण सिद्ध करायचं आणि मग खेळायचं, ही सक्ती बेबबरोबर संपली नाही. तामिळनाडूच्या शांती सौंदरराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक लिंग-चाचणीनंतर काढून घेतलं गेलं. ओडिशाच्या दुती चंदला २०१४ मध्ये असंच बाजूला सारण्यात आलं, तेव्हा ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत भांडली. त्यांच्या पदकांवर आणि पायांवर बोलण्याऐवजी लोक त्यांच्या शरीराची चिरफाड करत राहिले.

सेवा कुणी केली?

‘जिद्दीच्या कहाण्यां’त माणूस नेहमी एकटा असतो. तो पडतो, उठतो, जिंकतो. त्याला अंघोळ कुणी घातली, चादर कुणी बदलली, हे त्यात येत नाही. बेबच्या बाबतीत ही सेवा करणारी होती बेटी डॉड. तीही गोल्फ खेळाडू, बेबपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. बेब आणि जॉर्जच्या घरातच ती राहत असे. बेब हॉस्पिटलमध्ये असताना तिच्या खोलीत खाट टाकून बेटी झोपली. पोटावरच्या त्या नव्या वाटेची निगा राखायचं, साफसफाईचं काम तिनं शिकून घेतलं आणि केलं. हॉस्पिटलच्या खोलीच्या कोपऱ्यात बेबनं गोल्फच्या काठ्या ठेवून घेतल्या होत्या, हे सगळे लेखक आवर्जून लिहितात. त्या खोलीतल्या खाटेबद्दल फार थोडे लिहितात.

ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांतच बेब शिकागोजवळ टॅम ओ’शॅन्टरच्या स्पर्धेत उतरली. बेटी सोबत होतीच. बेबचा खेळ बिघडला, शक्ती पुरेना, मैदानातच तिला रडू कोसळलं. सोडून दे, कुणी काही म्हणणार नाही, असं जॉर्ज आणि बेटी दोघांनी तिला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. त्या स्पर्धेत ती पंधरावी आली. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, तिनं पाच स्पर्धा जिंकल्या आणि त्यांतलीच एक ही महिला ओपन.

बेब आणि बेटी यांचं नातं काय होतं? सुझन केलेफ यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या चरित्रात हे नातं बेबच्या शेवटच्या वर्षांतलं सगळ्यांत जवळचं नातं म्हणून समोर येतं. बेबनं स्वतः त्याला जाहीरपणे कधी नाव दिलं नाही. त्या काळात देणं शक्यही नव्हतं. आपणही घाईनं नाव देऊ नये, पण ‘मैत्रीण होती’ एवढं म्हणून पुसूनही टाकू नये. बाईच्या आजारपणात बाईच उभी राहते हे आपण रोज पाहतो. नवऱ्याच्या सेवेला निदान ‘पत्नीधर्म’ असं नाव तरी मिळतं. बाईनं बाईची केलेली सेवा मात्र बिननावाची राहते, आणि ज्याला नाव नाही ते इतिहासात टिकत नाही.

आता त्या रिपोर्टबद्दल

ऑपरेशन करताना डॉक्टरांना दिसलं की कॅन्सर आतड्यापुरता थांबलेला नाही. तो लसिका ग्रंथींत, म्हणजे शरीरभर असलेल्या त्या बारीक गाठींत, पोचला आहे. म्हणजे तो परत येण्याची शक्यता मोठी होती. त्यांनी हे जॉर्जला सांगितलं. बेटीला सांगितलं. बेबला सांगितलं नाही.

म्हणजे पहा, मैदानात चालणारी बेब, हजारो रुग्णांना धीर देणारी बेब, १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत कॅन्सरविरोधी मोहिमेसाठी उभी राहिलेली बेब आपल्याच शरीराची अर्धी हकीगत जाणत होती. आपण बऱ्या झालो आहोत असं ती जगाला सांगत होती, तेव्हा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांना खरी गोष्ट माहीत होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. त्या काळी अमेरिकेत पुरुष रुग्णांनाही बहुतेक डॉक्टर कॅन्सरचं निदान सांगत नसत. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बहुसंख्य डॉक्टरांनी तसं कबूलही केलं होतं. १९७९ च्या पाहणीपर्यंत चित्र पूर्ण पालटलं होतं. सांगावं असंच बहुसंख्य डॉक्टर म्हणत होते. तेव्हा हा अन्याय फक्त बाई म्हणून झाला असं मी म्हणत नाही. पण बाईच्या वाट्याला हा प्रकार दुहेरी येतो. एक तर ती रुग्ण, म्हणून नाजूक. त्यात ती बाई, म्हणून तिच्या वतीनं ऐकून घ्यायला कुणीतरी ‘मालक’ आहेच. आणि हेही मान्य करायला हवं, की लपवणाऱ्यांत बेटीही होती. प्रेमाखातर होती. आपणही आजारी आईला, बहिणीला ‘काही नाही गं, साधी गाठ आहे’ असं सांगितलेलं असतं.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. खरं कळलं असतं तर ती खचली असती; कळलं नाही म्हणूनच ती जिंकली. मग लपवलं ते बरंच नाही का झालं?

याचं उत्तर बेबच्याच आयुष्यात आहे. १९५५ मध्ये कॅन्सर परत आला आणि या वेळी तिला तो सांगावाच लागला. ती खचून बसली का? त्याच वर्षी तिच्या नावानं कॅन्सरच्या कामासाठी निधी उभा राहिला, त्याच वर्षी तिचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी ती गेली. खरं कळल्यावर काय करायचं हे तिला चांगलं समजत होतं. ते १९५३ मध्ये कळलं असतं तर कदाचित ती खेळली असती, कदाचित नसती. ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांच्याशी बोलली असती, किंवा नुसती समुद्रकाठी बसली असती. तीन वर्षं कशी घालवायची हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. तो तिच्या भल्यासाठी म्हणून तिच्याकडून काढून घेतला गेला. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द ऐकले की बायांनी सावध व्हावं, एवढं तर आपण इतक्या वर्षांत शिकलोच आहोत.

मैदान कुणी तयार केलं?

आणखी एक गोष्ट कात्रणात नव्हती. बेबला परत यायला मैदान होतं, कारण बायांनी ते तयार केलं होतं. बेब जिच्यापेक्षा बारा फटके पुढे राहिली त्या बेटी हिक्सनं १९४४ मध्येच आणखी दोघींबरोबर स्त्री व्यावसायिक गोल्फपटूंची पहिली संघटना काढली होती. ती टिकली नाही. मग १९५० मध्ये तेरा जणींनी मिळून दुसरी संघटना स्थापन केली, ती आजही चालू आहे. त्या तेरांत बेब होती. खेळाडूच हिशेब ठेवत, मैदानावर खुणा करत, नियमांचे तंटे सोडवत, आणि स्वतः गाडी हाकत गावोगाव जात. बेबचा स्वभाव सगळ्यांना रुचत होता असं नाही. ती बढाईखोर होती, स्वतःचंच खरं करणारी होती. हिक्सनंही तिच्यावर टीका केली आहे. तरी संघटना चालली. आपल्या संघटनांमधली भांडणं आठवून मला याचा जरा दिलासाच वाटला!

पण या मैदानाला कुंपण होतं, तेही सांगायला हवं. १९५४ च्या महिला ओपनसाठी बेबला २,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी पुरुषांची ओपन जिंकणाऱ्या एड फर्गोलला ६,०००. आणि काळ्या स्त्रियांना तर त्या कुंपणाच्या आतही जागा नव्हती. ॲन ग्रेगरी ही काळी खेळाडू राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरली ती १९५६ मध्ये, बेब गेली त्या वर्षी. बेबनं १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या गलनला ब्रिटिश हौशी विजेतेपद जिंकलं, तसं करणारी ती पहिली अमेरिकन. गलनच्या शेजारीच म्युरफील्डचं प्रसिद्ध मैदान आहे. तिथल्या क्लबानं बाईला सभासद करून घेतलं ते २०१९ मध्ये. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबानं २०१२ मध्ये. एखादी बेब जिंकते म्हणून दारं आपोआप उघडत नाहीत. बाई किती कर्तबगार आहे ते जग टाळ्या वाजवून मान्य करतं आणि दाराला कडी तशीच ठेवतं.

आपल्याकडे

आपल्याकडे कायदा आता स्पष्ट आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आलं होतं. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, आणि संमती म्हणजे नीट माहिती देऊन घेतलेली संमती, असं न्यायालयानं सांगितलं. पण निकाल दिल्लीत आणि बाई बीडमध्ये. ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशयं काढली जात असल्याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. कागदावर अंगठा होता. पण आपल्या पोटातून काय काढलं, का काढलं, न काढता दुसरा काही इलाज होता का, हे त्या बायांपैकी किती जणींना कुणी समजावून सांगितलं होतं?

आता पुन्हा माझ्या मैत्रिणीकडे येते. बेबची ही सगळी हकीगत मी तिला सांगितली. तिनं ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्याबरोबर डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. डॉक्टर सौजन्यानं म्हणाले, “पेशंटला उगाच कशाला घाबरवायचं? मिस्टरांना सगळं सांगितलंय मी.” ती म्हणाली, “डॉक्टर, घाबरायचं की नाही ते माझं मी बघते. तुम्ही कागद द्या.” नवरा शेजारी उभा होता. चांगला माणूस आहे, रात्र-रात्र जागला आहे. त्याचे डोळे भरून आले; इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं उतरल्यासारखा तो खुर्चीत बसला. लपवण्याचा त्रास लपवणाऱ्यालाही होतो, हे मला तेव्हा दिसलं.

रिपोर्ट फार चांगला नव्हता, फार वाईटही नव्हता. तिनं तो दोनदा वाचून घेतला, न कळलेले शब्द विचारले, आणि धाकट्या मुलीच्या दहावीच्या तारखा मनात धरून पुढच्या उपचारांच्या तारखा स्वतः ठरवल्या.

आपापल्या गटांत एवढं तरी आपण करू शकतो. कुणी मैत्रीण दवाखान्यात दाखल झाली की डबा नेतो, पैसे जमवतो, त्याबरोबरच तिला विचारू या, “तुझा रिपोर्ट तू पाहिलास का?” वाचता येत नसेल तर वाचून दाखवू या. केबिनमध्ये तिच्याबरोबर जाऊ या, पण तिच्याऐवजी नको. आणि सेवा करणारीला कोण सोडवणार, याच्या पाळ्या लावू या. आरोग्य शिबिरांत हा विषय घेणाऱ्या गटांनी आपले अनुभव जरूर लिहून कळवावेत. बेबचं कात्रण अजून मैत्रिणीच्या उशीखाली आहे. आता त्याच्यासोबत रिपोर्टही आहे.